चार टाके, सहा शर्यती

— छे छे, अंगात ठेवून नाही, कोट काढा आधी. अंगावरच्या कपड्याला सुई लावत नाही मी, मागे एक पेट्रोल भरणारा गडी मध्येच वळला आणि असा काही ओरडला की समोरच्या टायरवाल्याने काम टाकून धाव घेतली. बसा त्या स्टुलावर. त्यावरचे मोजे बाजूला सारा, धुतलेलेच आहेत — मोटारींच्या शर्यतीतले आहेत, आगीत जळत नाहीत, वास मात्र कशानेच जात नाही. बटण आणलंत ना? शाबास. निम्मे पुरुष कोट घेऊन येतात आणि बटण पार्किंगमध्येच सोडून येतात. गाडीतून उतरताना तुटलं म्हणता — पट्ट्यात अडकलं असेल. की सकाळी न्याहारीला ग्रेव्ही जरा जास्त झाली? हसा हसा, हसल्याने बटणं तुटत नाहीत. अकराला समोर पोचायचंय ना तुम्हाला, पोचाल, अजून वीस मिनिटं आहेत. कसं कळलं म्हणजे? राजा — आमच्याकडे सगळ्यांनाच राजा म्हणतात, मनावर घेऊ नका — बुधवारी सकाळी मूर्सव्हिलमध्ये कोट घालून हिंडणारा माणूस एकतर मयताला आलेला असतो, नाहीतर समोरच्या इमारतीत शर्यतवाल्यांचं अपील ऐकायला. आणि आज मयत कुणाचं नाही, असतं तर मला कळलं असतं, काळे कपडे सैल करायला सगळे इथेच येतात. शिवाय काखेत फाइल आहे तुमच्या. तिघे बसतात म्हणे अपिलाला, त्यातले तुम्ही एक. बरोबर ना? मान हलवू नका, चालेल, कळलं मला.

बोलू नका हो त्या विषयावर, मी कुठे विचारतेय? तुम्हाला मनाई आहे, मला ठाऊक आहे — सुनावणीआधी बाहेरच्या कुणाशी एक अवाक्षर काढायचं नाही. ऐकायचंही नाही? मग कान झाका. पण कोट माझ्याकडे आहे, आणि मी तोंड बंद ठेवून शिवू शकत नाही, चाळीस वर्षांत जमलेलं नाही. मी आपली कपड्यांबद्दल बोलते, कपड्यांना कुणी मनाई केलेली नाही. निळा दोरा कुठे गेला... इथेच होता. जाऊ दे, ही सुई ओवलेली आहे, हिच्यावरच भागवू. ओवलेली सुई मी हातची सोडत नाही आता, डोळे पूर्वीचे राहिले नाहीत, एकदा ओवायची म्हणजे अर्धी सकाळ जाते. रंग जरा वेगळा दिसेल. दिसू दे, बटण पोटावर आहे, तिकडे कोण बघतंय.

तर कपडे. ते बघा मागे टांगलेत, शर्यतीतल्या ड्रायव्हरांचे. ते चार झुळझुळीत आहेत ना, ते काचेच्या इमारतीवाल्या टीमचे — तलावाकडे जाताना लागते ती, पुढे कारंजं आहे. त्यांचे कपडे दोन महिन्यांत जुने होतात. जुने म्हणजे काय, तर छातीवरच्या जाहिरातदाराने आपल्या चिन्हाचा निळा रंग जरा गडद केला की झाले जुने. मग वर्षाअखेरीला ते सगळं खोक्यात भरून विकतात — कपडे, सीटा, जाळ्या, स्प्रिंगा, सगळं — आणि गावातल्या छोट्या टीमा ते घेतात. मग ते कपडे पुन्हा येतात माझ्याकडेच. मीच शिवलेली नावं मीच उसवते आणि त्या जागी दुसरी शिवते. तो तपकिरी दिसतो ना, कोपऱ्यातला? तो पूर्वी एका मोठ्या शीतपेयाचा होता. आता छातीवर काय लिहिलंय वाचा. संडासाच्या टाक्या साफ करणाऱ्यांची जाहिरात आहे ती, हो, 'तुमची घाण, आमचा मान'. कॉयला — कॉय रुडिसिल, तो चालवतो ती गाडी — त्याला पहिल्यांदा दाखवला तेव्हा बिचाऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, अक्षरं जरा बारीक करता येतील का. मी म्हटलं, राजा, त्याच अक्षरांवर तुझी टायरं येतात.

आता हा कॉय कोणाच्या टीममध्ये आहे ते मी सांगणार नाही, कारण तुमच्या फाइलीत ते आहे. मी फक्त इतकंच सांगते की ती टीम म्हणजे पाच माणसं. पाच. काचेच्या इमारतीत नुसत्या पाहुण्यांना दार उघडायला तीन आहेत. आणि त्या पाचांत एक आहे तो मुख्य मिस्त्री — कागदावर क्रू चीफ म्हणतात त्याला, व्हर्लिन त्याचं नाव. गाडी बसवतो तो, वजनं लावतो तो, शर्यतीत टायर कधी बदलायचे ते ठरवतो तो, दुपारचं जेवणही तोच बनवतो, आणि गाडी ज्या मोठ्या ट्रकातून नेतात ना, तो ट्रकही तोच हाकतो. म्हणून म्हणते, त्याच्यावर घातलेली सहा शर्यतींची बंदी म्हणजे काय ते जरा मला सांगा. नाही, सांगू नका, मनाई आहे. मीच सांगते. बंदी घातलेल्या माणसाने मैदानाच्या फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. मोठ्या टीमच्या चीफला बंदी आली की तो काय करतो? इमारतीत सोफ्यावर बसतो, समोर बारा पडदे, कानाला यंत्र, आणि घरबसल्या हुकूम सोडतो. मैदानावर त्याच्या जागी उभे राहायला चौदा इंजिनियर रांगेत असतात. त्याची बायको तर खूश असते, सहा रविवार नवरा घरी. आणि व्हर्लिन? तो फाटकाच्या बाहेर म्हणजे ट्रकही फाटकाच्या बाहेर. कॉय ट्रक आत नेईल म्हणाल, तर कॉयला गोल मैदानावर डावीकडे वळण्यापलीकडे गाडीचं काहीच येत नाही. इस्टरला ट्रक मागे घ्यायला सांगितला त्याला, चर्चची पाटी आडवी केली त्याने. पाळकांनी त्या रविवारी क्षमेवरच प्रवचन दिलं, सगळे त्याच्याकडेच बघत होते.

म्हणजे ती गाडी सहा शर्यती जाणारच नाही. आणि लागोपाठ सहा चुकल्या की शर्यतीतली ठरलेली जागाही जाते, मग टाक्या साफ करणारेसुद्धा विचारत नाहीत. पाच माणसं घरी. झालं. पण कागदावर बघा, किती न्याय आहे — मोठ्यालाही सहा, लहानालाही सहा. मी शिवणारी बाई, मला हिशेब कपड्यातच कळतो. तुम्ही उंच आहात, व्हर्लिन माझ्या खांद्याला लागतो. दोघांच्या विजारी माझ्यापुढे टाका, मी दोन्हींतून सहा-सहा इंच कापते. समान वागणूक. तुमचे मोजे दिसतील, त्याची पोलिसांत तक्रार जाईल.

आणि गुणांचं तर विचारूच नका. त्यांचे या मोसमातले गुण होते सत्तर. दंड म्हणून कापले पंच्याहत्तर. मी त्यांच्या तक्त्यावर स्वतः पाहिलं, शून्याच्या खाली पाच. म्हणजे मार्चपासून दर आठवड्याला इतक्या लांब ट्रक हाकत जाण्याऐवजी ती पाचही माणसं तलावावर गळ टाकून बसली असती, तर आज पाच गुणांनी पुढे असती. व्हर्लिनला मी म्हटलं हे. हसला. हसायलाच लागतं अशा वेळी. पण मग तो मागे जाऊन माझ्या नळाचा वॉशर बदलत बसला, जो गळत नव्हता.

तुमचं लक्ष घड्याळाकडे आहे. पंधरा मिनिटं आहेत अजून. बटणाला मान घालावी लागते, राजा, खाली दोऱ्याचे वेढे देऊन, तसंच आवळून शिवलं तर काजात ताणतं आणि पुन्हा तुटतं — तुम्हाला तिथे बसल्या जागी तुटायला हवंय का? मग बसा. तर मागच्या शरदात काचेच्या इमारतीवाल्यांची खिडकीची जाळी तपासणीत धरली. त्यांनी तिचा खालचा पट्टा एक बोटभर सरकवून घेतला होता, वारा आत कमी यावा म्हणून. मुद्दाम. त्यांना काय झालं? ताकीद. का, तर ते चित्रं घेऊन आले, आलेख घेऊन आले, वकील आणला, तिघा इंजिनियरांनी दीड तास समजावलं की तो पट्टा आपोआप सरकला. मला विचारलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं, पट्टे आपोआप सरकत नाहीत, नवऱ्यासारखंच आहे त्यांचं, कुणीतरी सरकवावे लागतात. पण मला कोण विचारतंय. आणि व्हर्लिन आज काय घेऊन येणार? टोपी. ती हातात धरून उभा राहील आणि म्हणेल, जबाबदारी माझी आहे, साहेब. याहून एक शब्द जास्त नाही. तीन आठवडे सांगतेय त्याला, बोल काहीतरी, त्यांना नीट सांग. ऐकेल तर तो व्हर्लिन कसला.

जाळी म्हणजे कसली ते तुम्हाला माहीतच असणार. ड्रायव्हरच्या खिडकीला काच नसते, पट्ट्यांची जाळी असते, गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नये म्हणून. आणि आदळल्यावर ड्रायव्हर ती आतून खाली सोडतो, त्यावरून सगळ्यांना कळतं की तो धड आहे. एप्रिलमध्ये कॉय भिंतीला लागला तेव्हा जाळी खाली येईना. मी इथे टीव्हीपुढे उभी, हातात कुणाची तरी विजार. व्हर्लिन धावत होता, त्या वयात, गुडघा तसला असताना, आणि जाळी काही पडेना. मग पडली. माझ्या हातातल्या विजारीचा एक पाय मी दुसऱ्याला शिवून टाकला होता. त्या माणसावर तुम्ही ठपका ठेवलाय की त्याने जुन्या जाळीवर नव्या तारखेची चिठ्ठी शिवली. मुदत संपलेली जाळी नवी म्हणून लावली. म्हणजे लोक करतात तसं, मी नाही म्हणत नाही, पण तो? त्या जाळीला पुरते आठ महिने झालेले नाहीत, मुदत संपायला अजून खूप अवकाश आहे. खोक्यातून आलेली आहे, तिची पावती कुठून आणायची, आणि ज्यांनी विकली त्यांना आता काही आठवत नाही. नुसता दोरा वेगळा दिसला म्हणून एवढं सगळं. अहो, चिठ्ठीचा एक कोपरा निघून लोंबत होता, एका धाग्यावर, कुठल्याही क्षणी उडून गेली असती. त्यावर चार टाके घातले. चार. आणि मागे एक गाठ, आतल्या बाजूला, बोटाला टोचू नये म्हणून चपटी केलेली. याला काय फसवणूक म्हणतात?

काय झालं? असे का बघताय?

चार म्हणाले मी? मग चारच असतील. लोक म्हणतात. गावात सगळ्यांना माहीत असतं सगळं. फाइलीत नाही? टाके किती ते लिहिलेलं नाही? आणि गाठ... तीही नाही. बरं. बरं बरं. काय पण फाइल ठेवता तुम्ही लोक.

थांबा, गुंतलं. बोलता बोलता असं होतं. माझा दीर नेहमी म्हणतो की नेल्डा, तुझी सुई आणि तुझी जीभ यांत एकीला तरी... आता 'माझा दीर' म्हणाले का मी? म्हणाले. असू द्या, आता लपवून काय होणार आहे, त्या दारावरच्या पाटीवर पूर्ण नाव आहेच, तुम्ही आत येताना वाचलं नसेल, बटण शोधत होता ना. नेल्डा स्टेमी. आणि तो व्हर्लिन स्टेमी. माझ्या हॉइटचा धाकटा भाऊ. हॉइटही गाडी चालवायचा, मातीच्या मैदानांवर, शनिवारी. त्या वेळी जाळी म्हणजे काय, कुणाच्या तरी गोठ्यातली दोरी बांधलेली असायची. गाडी तीनदा उलटली आणि त्याचा डावा हात बाहेर गेला. जगला तो, चांगली एकोणीस वर्षं जगला, भांडायचासुद्धा. पण त्याची बटणं मी लावायची रोज सकाळी. मग त्याला ते आवडेना, पाळकांपुढे बायको बटणं लावतेय, म्हणून मी वरून बटणं तशीच ठेवून आतून आकडे शिवून दिले, एका हाताने ओढलं की लागतील असे. कुणाला कधी कळलं नाही. तुम्हीच पहिले.

म्हणून सांगते, राजा, माझ्या हातात जाळी आली आणि तिच्यावर काहीही लोंबत असलं तर मला राहवत नाही. व्हर्लिनने ती फक्त धुवायला दिली होती. दर सोमवारी देतो, तेलाने माखलेली असते. त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. धुतली, वाळत टाकली, कोपरा लोंबताना दिसला, सुई ओवलेली होतीच, घातले चार टाके. गैर असं त्यात काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, त्या चिठ्ठीला बनवणाऱ्याशिवाय कुणी सुई लावायची नाही. असेल. ते पुस्तक माझ्याकडे आहे, त्या मशीनच्या पायाखाली, मशीन हलते म्हणून.

तपासनीसाने जाळी उचलून दाखवली तेव्हाच व्हर्लिनने ओळखलं. माझा टाका तो अंधारात ओळखेल, त्याच्या सगळ्या विजारी माझ्याच हातच्या आहेत. तपासनीसाने विचारलं, कुणी केलं. हा म्हणाला, मी. का, तर त्या भिंतीवर कागद लावलाय ना चौकटीत, तो — शर्यतीचे कपडे दुरुस्त करायला मला परवानगी आहे त्याचा. सुरक्षेच्या वस्तूला भलतीकडे सुई लावली म्हणून तो गेला असता, आणि तो गेला की काचेच्या इमारतीचं काम गेलं, त्यांच्यामागे बाकीच्यांचं. त्याने मला इथे उभं राहून सांगितलं, नेल्डा, टीम बुडाली तर मी कुठेही पाना हातात धरीन, तू या वयात कुठे जाशील? तू तिकडे यायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही, हॉइटची शपथ घे. मी घेतली. काय करणार, तो रडायला आला होता आणि त्याला ते मला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तो त्या मोज्यांशी बोलत होता.

मी शपथ पाळली आहे. तिकडे गेले नाही. तुम्हीच आलात की. तुमचं बटण तुटलं त्याला मी काय करू, मी तर म्हणते तुमच्या न्याहारीचेच आभार मानायला हवेत. पण खरं सांगू, मगाशी तुम्ही आत आलात तेव्हा मी ठरवलं होतं, नुसतं बटण लावायचं, हवापाण्यावर बोलायचं आणि पाठवायचं. तीन आठवडे मला जेवण गोड लागलेलं नाही. माझ्या चार टाक्यांपायी पाच माणसं घरी बसणार, आणि तो माणूस, ज्याने भावाचा हात लोंबताना पाहिलाय, तो खोटी जाळी लावणारा म्हणून गावात ओळखला जाणार. कागद काढून न्यायचा तर न्या. त्या एका खिळ्यावर आहे, हलकाच आहे.

झालं. हे घ्या. घाला. लावून बघा. रंग जुळत नाही, मला दिसतंय — निळ्या कोटावर मधाळ पिवळा, चर्चच्या सहलीला निघाल्यासारखे दिसताय. आगीत न जळणारा दोरा आहे तो, माझ्याकडे तोच असतो सदानकदा. समोर टेबलावर ती जाळी ठेवलेली असेलच. तुमच्या बटणाशेजारी धरा ती, दोरा एकच दिसेल, काही बोलायची गरज नाही, तुमच्याबरोबरच्या त्या दोघांनाही डोळे आहेत. चारच टाके आहेत, मागे गाठ आहे, चपटी. आणि ओढून बघा, दोन्हीकडे, जोर लावून. टाका तुटला तर सहा शर्यतींच्या जागी बारा करा.

पैसे द्या हो, दोन डॉलर, नाहीतर लाच दिली म्हणतील मी. ठेवा तिथे.

तो बघा, आला. टोपी हातात, मोठ्या भावाचा कोट घातलाय, मीच आखूड केलाय, तरी बाह्या लांबच राहिल्या. इकडे कशाला बघतोय... पाहिलं त्याने. तुम्हाला पाहिलं, मला पाहिलं. आता मला हा आठवडाभर हाक मारणार नाही. जा राजा, पुढच्या दाराने नको, मागून जा, मोज्यांकडून. नाही, थांबा. पुढूनच जा. आणि बटणावरचा हात काढा.